केसू अस्वलाचा लंगोट

फार पूर्वी, जंगलातही तालमी घुमत होत्या तेव्हाची ही गोष्ट. कासव वस्तादांच्या तालमीतला केसू अस्वल आपल्या दंडांवर भलताच खूश होता. त्याला लाज वाटायची ती एकाच कामाची, घामाने भिजलेला लंगोट धुऊन पिळायची. "पैलवानानं काय धुणी धुवायची?" असं म्हणत तो आपला लंगोट तालमीतल्याच छोट्या पैलवान गंपू मुंगसाच्या अंगावर भिरकावायचा. त्याचं पाहून सगळेच भिरकावू लागले. गंपू बिचारा दिवसभर पिळत बसे.

जत्रेत मानाच्या गदेसाठी नेमकी केसू आणि गंपूची जोड लागली. केसूला हसू आवरेना.

"वस्ताद, ह्याला तर मी फुंकरीनं उडवीन!"

"आधी सलामी तर दे," वस्ताद म्हणाले.

दोघांनी हाताला तांबडी माती चोळली आणि रिवाजाप्रमाणे हात मिळवले. गंपूच्या मुठीत केसूची दोन बोटं आली. त्यानं ती सवयीनं पिळली.

"आई गं! सोड, सोड! गदा तुझी!"

दुसऱ्या दिवशी गंपू नेहमीसारखा लंगोट न्यायला आला. केसूनं तो झटकन पाठीमागे लपवला.

"माझा मी पिळणार," तो गुरगुरला. मग इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला, "आणि तुझाही इकडे दे."