चेंडूची शपथ

समोर तो पिवळा दरवाजा दिसतो ना, त्याच्या पायरीशी या गावातली प्रत्येक अंत्ययात्रा थांबते. शवपेटी नेणारे तिथे शपथ म्हणतात, आणि तिच्यात खांद्याच्या जागी चेंडू म्हणतात. हसू आलं तरी आवरा. मीही इथे नवी होते तेव्हा हसले होते.

हे अमेरिकेतलं गाव खरं तर इटलीहून दगडाच्या खाणीत कामाला आलेल्यांनी वसवलं. परक्या मुलुखात आजारपणाला, मरणाला कोण येणार? म्हणून त्यांनी एकमेकांच्या मदतीचं मंडळ काढलं आणि शपथ घेतली म्हणे, की आपला माणूस भाड्याच्या गाडीतून जाणार नाही, आपल्याच खांद्यावरून जाईल. 'हा खांदा मंडळाचा' असं स्वतःच्या बोलीत म्हटल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, असा नियम झाला.

पुढे मुलं झाली. शाळेत त्यांच्या बोलीची टिंगल व्हायची, म्हणून मंडळानेच मास्तर ठेवून त्यांना इंग्रजी शिकवलं. मुलं इतकी छान शिकली की घरची बोली विसरली. शिकून ती शहरांकडे गेली आणि मंडळात म्हातारे तेवढे उरले.

असं सांगतात, की या पिवळ्या दाराच्या घरातला निकोला वारला तेव्हा खांद्याला एक माणूस कमी पडला. त्याची मुलगी असुंता पुढे झाली. बाई खांदा देणार म्हटल्यावर कुजबुज झालीच, पण अध्यक्ष दोनातोने सगळ्यांना गप्प केलं. शपथ मात्र म्हणायला लावली. खांद्याला ते 'स्पाल्ला' म्हणतात. घाबरून तिच्या तोंडून 'पाल्ला' आलं, म्हणजे चेंडू. मागे कोणीतरी फिसकन हसलं. दोनातो नियमाचा पक्का. त्याने तिला बाजूला केलं, आणि निकोला भाड्याच्या गाडीतून गेला. एका शब्दापायी अख्खी शपथ मोडली, याची मला अजून चीड येते.

दोनातोच्या जिवाला ते लागलं, म्हणे. एके दिवशी काठी टेकत तो या दारात आला. नियम काढून टाकलाय, आता कोणीही, कसंही म्हणावं, तू मंडळात ये, म्हणाला.

"मला मंडळ कुठे हवं होतं, दोनातोकाका?" असुंता म्हणाली. "मला माझ्या बाबांना पोचवायचं होतं."

ती मंडळात कधीच गेली नाही. मंडळाने मात्र तिचा चुकलेला शब्दच शपथेत घेतला आणि दार सगळ्यांना उघडलं. माझ्या यजमानांना यांनीच खांदा दिला. नाहीतर इथे आमचं होतं कोण?

असुंताने सांगून ठेवलं होतं, मला बाबांसारखंच भाड्याच्या गाडीतून न्या. तसंच नेलं. सगळं मंडळ गाडीमागून रिकाम्या खांद्यांनी चालत गेलं.

आजही इथे शपथ म्हणून झाली की पेटीची पुढची एक जागा मोकळी ठेवतात आणि दाराकडे बघत थोडं थांबतात. मग मागून चालणाऱ्यांतला एकजण मुकाट्याने पुढे सरकतो.