चाक हलेना, पिल्लं भेटेनात

चिंचेच्या झाडाखाली एक बीळ होतं.
बिळात राहायची एक चिचुंद्री.
तिचं नाव छबी.
छबी एवढीशी. नाक मात्र लांबच लांब!

छबीला तीन पिल्लं होती. मऊ मऊ, करडी करडी.
सकाळ झाली. पिल्लं म्हणाली, "चुक् चुक्! आई, बाहेर जाऊ?"
छबी म्हणाली, "आधी मी बघून येते. तुम्ही इथंच बसा हं."
आणि छबी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
गवतात गेली. हुंगलं, हुंगलं. सगळं ठीक होतं.
परत फिरली. तुरुतुरु तुरुतुरु.

येऊन बघते तर काय!
बीळ कुठाय?
बिळावर होतं एक चाक. काळं काळं, गोल गोल, मोठ्ठं चाक.

टेम्पो होता तो. निळा टेम्पो. कलिंगडांनी गच्च भरलेला.
टेम्पोवाली यमुनाताई चहाला थांबली होती.
चहा पिऊन झाला. यमुनाताईनं किल्ली फिरवली.
खट्!
परत फिरवली.
खट्!
टेम्पो काही हलेना.

छबीनं जमिनीला कान लावला.
आतून बारीक आवाज आला. "चुक्... चुक्..."
"आले हं बाळांनो," छबी म्हणाली. पण जाणार कशी?

छबी चाकाला म्हणाली,
"चाका रे चाका, हल ना!
पिल्लं भेटेनात."
चाक म्हणालं,
"मी नाही हलणार.
इंजिन धडधडेना, मी कसं हलू?"

छबी टेम्पोच्या पोटाखाली गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
तिथं होतं इंजिन. गारगार, गप्पगप्प.
"इंजिना रे इंजिना, धडधड ना!
चाक हलेना,
पिल्लं भेटेनात."
इंजिन म्हणालं,
"मी नाही धडधडणार.
मला पहिली गिरकी कोण देतो? स्टार्टर देतो.
स्टार्टर गरगरेना, मी कसं धडधडू?"

इंजिनाच्या कुशीत होता स्टार्टर. छोटासा, गोलसा.
छबी वर चढली. तुरुतुरु तुरुतुरु.
"स्टार्टरा रे स्टार्टरा, गरगर ना!
इंजिन धडधडेना,
चाक हलेना,
पिल्लं भेटेनात."
स्टार्टर म्हणाला, "खट्!"
मग म्हणाला,
"बघ, एवढंच जमतं मला.
मी नाही गरगरणार.
बॅटरी वीज देईना, मी कसा गरगरू?"

छबी बॅटरीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
बॅटरी आपल्या पेटीत बसली होती. चौकोनी, जडशीळ.
"बॅटरी गं बॅटरी, वीज दे ना!
स्टार्टर गरगरेना,
इंजिन धडधडेना,
चाक हलेना,
पिल्लं भेटेनात."
बॅटरी म्हणाली,
"वीज आहे की माझ्या पोटात! पण ती न्यायला कुणी हवं ना?
मी नाही देणार.
तार वीज नेईना, मी कशी देऊ?"

बॅटरीच्या डोक्यावर होती तार. जाड, लाल तार.
तिच्या टोकावर पांढरं पांढरं काहीतरी साचलं होतं. मिठासारखं.
छबीनं हुंगलं. आक् छी!
"तारे गं तारे, वीज ने ना!
बॅटरी वीज देईना,
स्टार्टर गरगरेना,
इंजिन धडधडेना,
चाक हलेना,
पिल्लं भेटेनात."
तार म्हणाली,
"मला खार धरलाय गं. आणि बघ, मी किती ढिली झालेय.
मी नाही नेणार.
पाना मला आवळेना, मी कशी नेऊ?"

रस्त्याच्या पलीकडे होतं गॅरेज. गॅरेजच्या भिंतीवर लटकत होता पाना.
छबीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. रस्ता केवढा रुंद!
छातीत धडधड, धडधड.
डोळे मिटले आणि पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!
"पान्या रे पान्या, तार आवळ ना!
तार वीज नेईना,
बॅटरी वीज देईना,
स्टार्टर गरगरेना,
इंजिन धडधडेना,
चाक हलेना,
पिल्लं भेटेनात."
पाना म्हणाला,
"मी तर लोखंडाचा. माझा मी कसा उठू?
मी नाही आवळणार.
चाचा मला उचलेनात, मी कसा आवळू?"

चाचा म्हणजे लतीफचाचा. गाड्या दुरुस्त करणारे.
चाचा बाकावर बसले होते. टेम्पोकडे बघत होते. पण उठत नव्हते.
छबी त्यांच्या चपलेजवळ गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"चाचा हो चाचा, पाना उचला ना!
पाना आवळेना,
तार वीज नेईना,
बॅटरी वीज देईना,
स्टार्टर गरगरेना,
इंजिन धडधडेना,
चाक हलेना,
पिल्लं भेटेनात."
चाचा वाकले. छबीकडे बघत राहिले.
"मला ठाऊक आहे गं," चाचा म्हणाले. "तारेला खार धरलाय. कालच मी यमुनाला सांगितलं, साफ करून घे. तर ती म्हणाली, 'मला शिकवू नका चाचा, माझा टेम्पो मला कळतो!'"
चाचांचा आवाज जरा दुखरा झाला.
"मी नाही उचलणार.
यमुना मला बोलवेना, मी कसा येऊ?"

छबी परत रस्ता ओलांडून आली. तुरुतुरु तुरुतुरु.
पाय दुखले. नाक धुळीनं भरलं.
यमुनाताई टेम्पोत बसली होती. मान खाली. किल्ली हातात.
छबी चढली. पायरीवर आली.
"ताई गं ताई, चाचांना बोलव ना!
चाचा उचलेनात,
पाना आवळेना,
तार वीज नेईना,
बॅटरी वीज देईना,
स्टार्टर गरगरेना,
इंजिन धडधडेना,
चाक हलेना,
पिल्लं भेटेनात."

"पिल्लं?" यमुनाताई दचकली. "कुठायत?"
"चाकाखाली बीळ आहे. बिळात आहेत."
यमुनाताई खाली उतरली. गुडघ्यावर बसली. जमिनीला कान लावला.
आवाज आला. अगदी बारीक.
"चुक्..."
"अगं बाई! मला दिसलंच नाही गं."

यमुनाताईनं पलीकडे पाहिलं. चाचा बाकावरच होते.
"कसं बोलवू गं?" ती हळूच म्हणाली. "काल मीच वाईट बोलले त्यांना. आता बोलावलं तर ते काय म्हणतील? मला लाज वाटते."
छबीनं नाकावरची धूळ झटकली. मग म्हणाली,
"मला भीती वाटली. चाकाची वाटली. रस्त्याची तर खूप वाटली."
"मग?"
"मग काय? वाटत होती, तरी गेले."

यमुनाताईनं छबीकडे पाहिलं.
एक पान पडलं चिंचेचं. भिरभिर, भिरभिर.
मग ती उठली. रस्त्याच्या कडेला गेली. मोठ्यानं म्हणाली,
"चाचा! काल मी चुकले. येता का जरा?"

आणि चाचा काय म्हणाले, माहितेय?
काहीच नाही म्हणाले. नुसते उठले!

चाचांनी पाना उचलला. चहाच्या टपरीवरून गरम पाणी घेतलं.
टेम्पोपाशी आले.
"यमुना, हॉर्न वाजव बघू."
पीं...ई... एवढासा आवाज!
"दिवा लाव."
दिवा लुकलुकला. मिण मिण. मिण मिण.
"हं. तारच आहे ही," चाचा म्हणाले.

चाचांनी तार सोडवली. खारावर पाणी ओतलं. फस्स्!
ब्रशनं घासलं. खस खस, खस खस.
फडक्यानं पुसलं. तार झाली लख्ख!
मग तार बसवली, आणि
पान्यानं तार आवळली. कर्र कर्र!
तारेनं वीज नेली. सुळ्ळकन!
बॅटरीनं वीज दिली. भरभरून!
यमुनाताईनं किल्ली फिरवली.
स्टार्टर गरगरला. गर्र गर्र गर्र!
इंजिन धडधडलं. धड धड धड धड!
चाक...

"थांब!" चाचा ओरडले. "हळू. अगदी हळू. पुढेच घे, मागे नको."
यमुनाताईनं श्वास धरला.
चाक हललं. इतकुसं. अजून इतकुसं.
टेम्पो पुढे गेला.

छबी धावली. तुरुतुरु तुरुतुरु!
पण बिळाचं तोंड मातीनं दडपलं होतं.
छबीनं माती उकरली. खुर् खुर्. खुर् खुर्.
आवाज नाही.
अजून उकरली. खुर् खुर्. खुर् खुर्.
आवाज नाही.
यमुनाताई खाली बसली. चाचा खाली बसले. दोघांनी जमिनीला कान लावले.

आणि मातीतून आलं एक नाक.
लांबच लांब!
मग दुसरं नाक.
मग...
मग...
तिसरं नाक!
"चुक् चुक्! चुक् चुक्! चुक् चुक्!"
छबीनं तिघांना हुंगलं. परत हुंगलं. परत परत हुंगलं.

"आई, कुठं गेली होतीस?" पिल्लांनी विचारलं.
"इथंच होते," छबी म्हणाली. "इथंच वर."
"आई, बाहेर जाऊ?"
"जाऊ. पण आता दुसरीकडे राहू. त्या मोठ्या दगडाखाली. तिथं चाक येत नाही."

पहिल्या पिल्लानं आईला शेपटाजवळ धरलं.
दुसऱ्यानं पहिल्याला धरलं.
तिसऱ्यानं दुसऱ्याला धरलं.
आणि निघाली सगळी एका ओळीत. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!
ती गेली चाचांच्या पायांजवळून. यमुनाताईच्या पायांजवळून.
दोघांनी पटकन पाय मागे घेतले. आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली.
यमुनाताईनं एक कलिंगड निवडलं. टक् टक् वाजवून पाहिलं.
"चाचा, हे गोड निघेल. कापू?"
"काप," चाचा म्हणाले.

टेम्पो लागला वाटेला,
पिल्लं लागली शेपटाला,
गोष्ट आली शेवटाला.