ठकूबाईची गाठ

फार वर्षांपूर्वी, आमच्या वडगेरीच्या विहिरीत पाणी कमी आणि गावात ताठा जास्त होता, तेव्हाची ही गोष्ट. वेशीबाहेर ठकूबाई राहायची, अंबाडीचे दोर वळायची. तिचा दोर हत्तीलाही तुटायचा नाही, असं म्हणतात. गावाला तिचा दोर चालायचा, हात चालायचा नाही. दोर वेशीत ठेवायचा आणि मागे फिरायचं, विहिरीच्या काठाला तिने शिवायचं नाही.

एका चैत्रात रायाजी नावाचा गडी गाळ काढायला उतरला. पाटलाने स्वतःच त्याच्या कमरेला दोर बांधला. कसा? गोठ्यात बैल बांधतात तसा, एका हिसक्यात सुटणारी सुरगाठ मारून. अर्ध्यावर गाठ सुटली आणि रायाजी खडकावर पडून मेला. पाटील म्हणाला, "दोरच कुजका. ठकीला शिवेपार हाकला." दोर सगळ्यांसमोर अख्खा पडला होता, पण एकानेही तोंड उघडलं नाही. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

ठकूबाई भर दुपारी तडक काठावर आली. तोच दोर उचलून तिने एक टोक रहाटाच्या खांबाला पक्कं केलं. दुसऱ्या टोकाच्या थोडं अलीकडे दोरात एक लहान वेढा केला. मग ते टोक स्वतःच्या अंगाभोवती फिरवून वेढ्यातून खालून वर काढलं, खांबाकडे जाणाऱ्या ताणाच्या दोरामागून वळवलं आणि परत त्याच वेढ्यात खाली घातलं. वीतभर टोक शिल्लक ठेवलं, ओढून पाहिलं आणि ती विहिरीत लटकली.

"दोर कुजका असंल तर मी मरंन," ती म्हणाली. "न्हाईतर गाठ कुणाची चुकली ते पाटलानं सांगावं. तवर मी वर येत न्हाई."

सात दिवस ती लटकली, असं म्हणतात. ती विहिरीत उतरली म्हणून कुणी पाणी भरेना. गाव तहानेने तडफडलं, पण विटाळ सोडवेना, इतकी ही शहाणी माणसं! गाठ बोटभर सरकली नाही, तिच्या अंगाला काचली नाही. उलट कातळातून झरे फुटले आणि पाणी तिच्या तळव्यांपर्यंत चढलं, असं म्हणतात.

आठव्या दिवशी पाटील काठावर येऊन पुटपुटला, "गाठ माझी चुकली."

ठकूबाई वर आली. दोन बोटांनी तिने गाठ सहज सोडली. "मला कशापायी सांगतोस?" ती म्हणाली. "रायाजीच्या बायकूला जाऊन सांग."

आजही वडगेरीत कुणी विहिरीत उतरणार असेल तर ठकूबाईचीच गाठ मारतात. पण ज्याने ती मारली, त्याने आधी स्वतः तिच्यावर लटकायचं आणि सगळ्या गावासमोर आपलं नाव मोठ्याने घ्यायचं. मग तो पाटील का असेना.