उकंड्याचा गोटा

फार वर्षांपूर्वी, वऱ्हाडातल्या देवजाळीत सगळी घरं मातीच्या कौलांची होती, तेव्हा तिथे उकंडा नावाचा गारपगारी राहत असे. गारपगारी म्हणजे मंत्र म्हणून गारांचे ढग परतवणारा माणूस. उकंड्याने त्रिशूळ रोवला की ढग शेपूट घालून पळत, असं म्हणतात. पळतही असतील, आपण कुठे बघायला गेलो होतो!

पण उकंडा वेगळ्याच डोक्याचा. "ढग मी परतवतो," तो म्हणे, "पन एखांदा हातून निसटला, त तुमचं छप्पर टिकते का?" म्हणून होळीआधी तो नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन घरोघरी फिरे. शिडीवर चढून गोटा कौलावर सोडे आणि कान देऊन ऐके. खण्ण वाजलं तर छप्पर धड. बद्द वाजलं तर खालचे वासे कुजलेले. कौल फुटलंच तर बायका त्याला शेलक्या शिव्या देत, आणि हा हसत पुढच्या घरी जाई.

एका वर्षी सदोबा पाटलांची सून कौतिका बाळंत झाली. मावळतीच्या खोलीत पाळणा होता आणि गार त्या गावात मावळतीकडूनच येई. उकंड्याने तिथेच शिडी लावली, तसे पाटील धावले.

"उतर खाली! छपरावर गोटा मारला का गारीले घर सापडते." गावात अनेकांची अशीच समजूत होती.

"पाटील, गार इचारून येत नाई. लेकराच्या डोक्यावरचं छप्पर हाय, पाहू द्या मले."

"बारशापहिले माह्या घराचं कौल फुटू देनार नाई!"

पाटलांनी शिडी काढून घेतली. उकंडा जाता जाता दारातून ओरडला, "पोरी, लेकरू उगवतीच्या खोलीत ने." पण सासऱ्यापुढे कौतिकाची काय बिशाद!

बारशाच्या दुपारी आभाळ काळं झालं. उकंड्याने त्रिशूळ रोवला. एकामागून एक ढग परतले, असं म्हणतात, पण एक वळून आला. उकंड्याने त्रिशूळ तिथेच टाकला आणि पाटलांच्या घराकडे धाव घेतली. कवठाएवढ्या गारा पडत होत्या. पाळण्यावरची कौलं फुटली होती आणि कौतिका लेकराला पोटाशी धरून भिंतीला चिकटली होती. उकंडा भिंतीवरून छपरावर चढला आणि पाठीवर घोंगडी ओढून त्या भगदाडावर पालथा पडला. कुजक्या वाशांनी त्या दिवशी त्याला तोलून धरलं. खाली एकही गार आली नाही.

आभाळ मोकळं झालं तेव्हा पाटील स्वतः वर चढले. घोंगडीवर गारांचा ढीग होता, घोंगडीखाली त्याचा तो गोटा होता, उकंडा मात्र नव्हता. उरलेल्या ढगामागे तो गेला, असं म्हणतात. मला विचाराल तर गारांच्या माराने तो त्या छपरावरच मेला असणार, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पाटलांनी रडत रडत तो गोटा उचलला आणि घराच्या उरलेल्या प्रत्येक कौलावर टाकून पाहिला.

आता देवजाळीत टिनाचे पत्रे आले, स्लॅब आले, कौलं थोडीच उरली. तरी होळीआधी गोटा गावभर फिरतो, आणि जिथे तान्हं लेकरू असेल तिथे आधी जातो. "उकंडाबा, पाहून जा," म्हणत घरातला कर्ता तो छपरावर सोडतो. दुसऱ्या गावात कौल फुटलं तर माणसं हळहळतात. देवजाळीत, कच्चं छप्पर गारांआधीच कळलं म्हणून त्या घरचे गूळ वाटतात, आणि गूळ खाल्लेल्या प्रत्येकाला त्या छपराच्या दुरुस्तीला हात लावूनच घरी जावं लागतं.