ओसरीवरची सुईण

कोंढाळे गावच्या ख्रिस्ती वस्तीत शांतवन महाराजांनी दोन वर्षे मुक्काम केला. प्रभू येशूचे नाव आणि एक घोंगडी, एवढाच त्यांचा संसार. या वस्तीच्या वाडवडिलांना गावाने एके काळी वाळीत टाकले होते. विहीर बंद, वाट बंद, बोलणे बंद. तारणाऱ्याने त्यांना त्यातून बाहेर काढले. मोकळे होताच त्यांच्या मुलांनी प्रार्थनामंदिर बांधले, पाच पंच नेमले आणि वाळीत टाकण्याची सोय सर्वांत आधी करून ठेवली. माणूस स्वातंत्र्याला किती भितो, याचा याहून नेटका पुरावा मोठमोठ्या ग्रंथांतही सापडणार नाही.

मनश्शे आबा हे पंचांचे प्रमुख. त्यांचा नियम असा, की रविवारी जो काम करील त्याने प्रभुभोजनाला न बसता मंदिराच्या ओसरीवर बसावे आणि लेखी माफी देईपर्यंत मोठ्याने प्रार्थनाही करू नये. वस्तीची सुईण सगुणाबाई हिने एका रविवारी रस्त्यावर अडलेल्या परक्या बाईचे बाळंतपण केले. पंचांनी तिला बोलावले.

“सोमवारपर्यंत थांबता येत नव्हतं?” आबांनी विचारले.

“मी थांबले असते, आबा. पोरगंच ऐकेना.”

लोक हसले. आबा हसले नाहीत. “या माफीवर अंगठा उठव, म्हणजे मोकळी होशील.”

“मोकळं तर प्रभूनं कधीच केलंय. आता तुमच्या कागदावर परत कशाला होऊ?”

त्या दिवसापासून ती ओसरीवर बसू लागली. “आमची सुईणबाई बाहेरूनच स्वर्गात जाणार आहे!” आबा येता-जाता म्हणत, आणि आतली मंडळी भक्तिभावाने हसत. महाराज मात्र येऊन तिच्या शेजारी बसले. पंचांनी पहिल्या बाकावर येण्याची विनंती केली, तेव्हा महाराज म्हणाले, “इथं वारा चांगला आहे.”

पुढे एका रविवारी उपासना चालू असताना आबांच्या घरून निरोप आला. सून रिबका अडली होती. मूल आडवे आले होते. तालुक्याचा दवाखाना चौदा मैलांवर. सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबांनी बायबल मिटले, पुन्हा उघडले.

“आधी तो माफीचा कागद आणा, सगुणाबाईचा अंगठा घ्या,” ते म्हणाले. “माझ्या घरासाठी नियम वाकला, असं कुणी म्हणायला नको.”

तत्त्वनिष्ठेचा हा प्रकार शिकल्यासवरलेल्यांत पुष्कळ आढळतो. त्यात मरणारा सहसा दुसरा असतो.

कागद येईतो सगुणाबाई निम्म्या वाटेवर पोहोचली होती. महाराज तिच्या मागोमाग निघाले. दौत सांभाळत धावणारा पंच सर्वांच्या मागे राहिला.

तिने पोटावरून हात फिरवत मूल वळवले आणि सोडवून घेतले. मुलगी होती, निळी, निपचित. सगुणाबाईने तिचे तळवे चोळले, पाठ थोपटली, तोंडात फुंकर घातली. श्वास नव्हता. एव्हाना आबा दाराशी येऊन उभे राहिले होते.

“महाराज,” ते म्हणाले, “तुम्ही प्रार्थना करा.”

“मी नाही. सगुणाबाई, तुम्ही करा. मोठ्यानं.”

“मला बंदी आहे, महाराज.”

“कुणाची?”

तिने आबांकडे पाहिलेही नाही. मूल उराशी धरून ती म्हणाली, “प्रभू, लेकरू तुझं आहे. त्याला दाराबाहेर ठेवू नकोस.”

आणि मुलगी रडली! साऱ्या वस्तीला ऐकू जावे इतक्या मोठ्याने रडली. धन्य ती हाक, धन्य तो ऐकणारा!

मनश्शे आबा उंबऱ्यावर कोसळले. माणसाच्या पायांवर डोके ठेवण्यास त्यांनीच मनाई केली होती. ते विसरून त्यांनी सगुणाबाईच्या पायांवर डोके ठेवले. “बाई, तुला बाहेर बसवणारा मी कोण? माझी माफी लिहून घे.”

“मला लिहिता कुठं येतं, आबा? उठा. बाळंतिणीला गरम पाणी हवंय.”

त्या घरात अकरा वर्षे रविवारी चूल पेटली नव्हती. आबांनी स्वतः लाकडे लावली, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लागेल इतके वाकून ते विस्तव फुंकू लागले.