माठातले सात खडे

राज्यातले बेकार मोजायची राजाची रीत अशी, की ज्याला काम नाही त्याने दर पुनवेला वाड्यासमोरच्या माठात एक खडा टाकायचा. पूर्वी पाचशे निघत, या पुनवेला सातच निघाले.

"महाराज, राज्यात बेकार फक्त सात!" दिवाणजी मिशीला पीळ देत म्हणाले.

दरबारात पेढे फिरले. राही कोष्टिणीने मात्र हात पुढे केला नाही. तिचा नवरा तीन वर्षं खडे टाकून थकला होता. आता अंथरूणही सोडत नव्हता.

"का गं? मोजणी खोटी आहे?" राजाने दरडावलं.

"खरी आहे, महाराज. एकदा मसणवटीत जाऊन बघा. तिथला एकही माणूस खडा टाकायला येत नाही. दिवाणजींच्या हिशेबाने तिथे सगळ्यांनाच काम लागलंय."

राजाने हातातला पेढा परत ताटात ठेवला.