पहिलं भांडं

“देव कोपतो म्हणता, बाबा... पण कोपतो कुणावर? माझ्यावर, का चाकावर?”

गजरा उभीच होती. ओढा ओलांडून ती तरातरा आली होती. लुगड्याचा काठ भिजून पायाला चिकटला होता.

भैरूबाबा चिंचेच्या सावलीत बसून ओल्या पणत्या फळीवर मांडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं म्हटलं?”

“भावकी म्हणते. बाईनं चाकाला हात लावला की देव कोपतो आणि भट्टी फुटते.”

“मग भावकीला विचार.”

“भावकी म्हणते, बाबांना विचार.”

बाबा पणतीकडं बघून हसले.

त्यांनी आपला संसार कधीच मुलांच्या हवाली केला होता. ओढ्याच्या अलीकडं एक झोपडी, तिच्यापुढं एक जुनं चाक, आणि देवळाला लागतात तेवढ्या पणत्या. बाकी काही त्यांनी ठेवलं नव्हतं. पण आसपासच्या गावांतले बहुतेक कुंभार त्यांच्या हाताखाली शिकले होते. चाकावर कुणी बसावं आणि कुणी बसू नये, याबाबत त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

गजराचा नवरा आषाढात वारला. तेव्हापासून त्याचं चाक अंगणात तसंच पडून होतं. भावकीनं ठरवलं होतं, आज संध्याकाळी चाक उचलायचं आणि धाकट्या दिराच्या अंगणात नेऊन मांडायचं. बाई काही चाकावर बसत नाही. मग ते तिच्या दारात ठेवून काय करायचं?

तेवढ्यात ओढ्यातून तोच दीर येताना दिसला. महिपती. एका हातात वहाणा, दुसऱ्या हातानं धोतर वर धरलेलं.

“वैनी, अशा रागानं का निघून आलात? मी काय तुम्हाला उपाशी ठेवणार आहे?”

“नाही ठेवणार, भाऊजी. भाकरी द्याल, ठाऊक आहे मला. चाक देणार नाही.”

“चाकाचं तुम्ही काय करणार?”

“तुम्ही काय करता?”

महिपती बाबांकडं वळला. “बघा. सकाळपासून हे असंच चाललंय.”

बाबांनी शेवटची पणती ठेवली.

“गजरा, तुला काय येतं?”

“माती येते. खाणीतून आणायची, भिजवायची, तुडवायची. टाचेखाली खडा आला की वाळूएवढा असला तरी कळतो मला. ह्यांनी उभ्या जन्मात माझ्या मातीला नाव ठेवलं नाही.”

“मग तेच कर. चांगलं काम आहे.”

“आपल्या अंगणात करत होते तोवर चांगलं होतं. उद्यापासून दुसऱ्याच्या अंगणात तुडवायची. कधी या म्हणतील तेव्हा यायचं, जा म्हणतील तेव्हा जायचं.” तिचा आवाज चढला. “संक्रांतीची सुगडं कोण पुजतं, बाबा? बाया. त्यात ऊस, हरभरा, बोरं कोण भरतं? बाया. एकमेकींना कोण देतं? बाया. मग घडवायलाच बाई का चालत नाही?”

बाबांनी एक पणती सरळ केली.

“सांगा ना.”

“मला माहीत नाही,” बाबा म्हणाले.

महिपती चपापला. गजरासुद्धा. बाबांना एखादी गोष्ट माहीत नाही, हे दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं.

“माझ्या गुरूनं सांगितलं नाही,” बाबा म्हणाले, “आणि मी विचारलं नाही. चाक तिकडं आहे. बस.”

“बाबा!” महिपती ओरडला.

“भट्टी पेटलेली नाही, म्हैपती. फुटणार काय?”

गजरानं पदर कमरेला खोचला आणि ती चाकापुढं उकिडवी बसली. चाक तिनं जन्मभर पाहिलं होतं. पण पाहिलं होतं ते समोरून. या बाजूनं ते फार मोठं दिसत होतं.

बाबांनी बोट दाखवलं. काठाजवळच्या खाचेत दांडा घालून तिनं चाकाला फेर दिला. जडशीळ चाक आधी कुरकुरलं, मग भिंगायला लागलं. तिनं मातीचा गोळा उचलला, मधोमध थापला आणि दोन्ही हातांनी जोरात दाबला.

गोळा सुटला आणि थेट जाऊन महिपतीच्या सदऱ्यावर बसला.

“नेम चांगला आहे,” बाबा म्हणाले.

महिपती छाती झटकत मागं सरला. “हसता काय, बाबा? आजच धुतला होता.”

“मी कुठं हसतोय?”

गजरा हसली नाही. तिनं दुसरा गोळा घेतला. तो चिकटला, पण डगमगत राहिला. तिनं आणखी जोर लावला, तसा तो आणखीच डगमगला. मधे अंगठा घालायला गेली, तर एक बाजू उंच झाली, दुसरी फाटली. बघता बघता सगळं आडवं झालं.

पुन्हा गोळा.

पुन्हा आडवं.

ऊन चिंचेच्या बुंध्यापाशी आलं. गजराचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले. कपाळावर आलेले केस तिनं मनगटानं सारले, तिथंही माती लागली.

“वैनी, पुरे आता,” महिपती म्हणाला. त्याचा आवाज खरंच मऊ होता. “जन्म जातो यात. माझं कित्येक महिने काही उभं राहत नव्हतं. एका दुपारी येत असतं का हे?”

“तुम्हाला कुणी एका दुपारी चाक उचलून न्यायची धमकी दिली होती का?”

“नाही...”

“मग तुम्हाला सवड होती.”

ती बाबांकडं वळली. “तुम्ही नुसते बसलाय. सांगत का नाही काही? सगळ्यांना शिकवलंत. मला पाडायचंच ठरवलंय का?”

“तू मातीकडं बघतेस, का म्हैपतीकडं?”

“दोघांकडं.”

“मातीला कळतं ते.”

“कळू दे.”

बाबा उठले. हळूहळू चालत चाकाजवळ आले. तिच्या हाताला त्यांनी हात लावला नाही. नुसते समोर बसले.

“हट्टी आहेस ना?”

“आहे.”

“कुठं आहे हट्ट?”

गजरानं आपल्या हातांकडं पाहिलं.

“खांद्यात आहे,” बाबा म्हणाले. “माती तुडवताना अंगाचा सगळा भार टाकतेस, तसा इथंही टाकतेस. टाचेखालची माती पळून जात नाही. ही फिरतीये. खांदा मोकळा सोड. कोपर मांडीला टेकव. हट्ट डाव्या हातात आण.”

“आणि त्या हातानं काय करू?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“माती त्याला ढकलेल. त्यानं हलायचं नाही. एवढंच.”

गजरानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग चाकाला फेर दिला, गोळा थापला, पाण्यात हात बुडवला, कोपर मांडीला टेकवलं.

मातीनं हाताला धक्का दिला. पुन्हा दिला. दर फेऱ्याला एक धक्का.

हात हलला नाही.

धक्के बारीक होत गेले... आणि मग एका फेऱ्यात धक्का आलाच नाही. चाक फिरत होतं, माती फिरत होती, आणि तरी हाताखाली सगळं थांबल्यासारखं वाटत होतं.

गजरानं डोळे वर केले.

“सोडू नको,” बाबा हळूच म्हणाले. “अंगठा आत घाल.”

अंगठा आत गेला. भिंत वर आली. जाड, ओबडधोबड, पण वर आली. चाक मंदावलं, की ती एका हातानं फेर द्यायची आणि पुन्हा मातीला हात लावायची. बाबा उठून गेले, हे तिला कळलं नाही. ते परत आले, तेव्हा त्यांच्या हातात दोरा होता.

तिनं दोरा बुडाखालून ओढला आणि दोन्ही तळव्यांत ते उचललं.

सुगडाएवढं भांडं होतं. एका अंगाला जाड, मान एकीकडं कललेली.

तिनं ते फळीवर, बाबांच्या पणत्यांच्या शेजारी ठेवलं आणि हात काढून घेतला. ते पडलं नाही.

“उभं आहे,” गजरा म्हणाली.

महिपती वाकून बघू लागला. चहूबाजूंनी बघितलं.

“मान वाकडी आहे.”

“तुमचं नाक वाकडं आहे, भाऊजी. म्हणून तुम्हाला कुणी घराबाहेर ठेवलंय का?”

महिपतीचा हात नकळत नाकाकडं गेला. बाबा खोकले. खोकलाच होता तो की आणखी काही, सांगता आलं नसतं.

“हे घेऊन जाते मी,” गजरा म्हणाली. “भावकीच्या मधोमध ठेवते. म्हणते, बघा. चाकाला बाईचा हात लागला. आभाळ कुठं पडलंय ते दाखवा.”

महिपती त्या भांड्याकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“बाबा... रीत राहिली की.”

“कसली?”

“पहिल्या भांड्याची. सांगा ना तिला.”

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. “तूच सांग.”

महिपतीनं घसा साफ केला. “असं आहे, वैनी. चाकावर शिकायला बसलेला आपलं पहिलं भांडं ठेवत नाही. ज्यानं केलं त्यानंच ते मोडायचं, ओलं आहे तोवर. माती परत गोळ्यात. बाबांच्या हाताखालचा एकही कुंभार यातून सुटलेला नाही. दादानं मोडलं. मी मोडलं.”

“रडला होता,” बाबा म्हणाले.

“लहान होतो तेव्हा.”

“मिशा होत्या तुला.”

महिपतीनं तिकडं लक्ष दिलं नाही. “रीत ती रीत, वैनी.”

गजरानं फळीवर झुकून दोन्ही हात भांड्याभोवती धरले, पण लावले नाहीत. ते अजून फार ओलं होतं.

“नाही मोडणार.”

“वैनी...”

“नाही. तुम्ही तुमचं मोडलंत, तेव्हा तुम्हाला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. तुम्ही कुंभार आहात, हे गाव तुमच्या जन्माच्या आधीपासून मानत होतं. माझ्या बाजूनं बोलायला हे एकटं आहे. हे मोडलं, की संध्याकाळी माझ्या हातात काय उरलं? रिकामे हात घेऊन सांगू, की मी केलं होतं? कोण खरं मानेल?”

ओढ्यावर कुणाच्या तरी म्हशी उतरल्या होत्या. त्यांचं फुसफुसणं ऐकू येत होतं.

“बाबा, तुम्ही बोला,” गजरा म्हणाली. “तुम्हीच सांगा, मोडू?”

“तुझं भांडं आहे.”

“तुम्ही सांगाल, तसं.”

“चाकाचं विचारायला आलीस, तेव्हा मी सांगेन तसं करशील, असं वाटलं नव्हतं.”

तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते वाहू दिले नाहीत.

“का मोडू मी? एक कारण सांगा.”

बाबांनी त्या कललेल्या मानेवरून एक बोट फिरवलं. हलकेच. एखाद्या तान्ह्या वासराला हात लावावा, तसं.

“का ठेवतेस?” ते म्हणाले. “दुसरं होणार नाही, असं वाटतं?”

गजरानं झटकन वर पाहिलं.

ती बाबांकडं बघत राहिली. मग फळीवरच्या भांड्याकडं. मग दिराकडं.

त्याच्याकडं बघतच तिनं उजवा तळहात उचलला आणि खाली आणला.

आवाज फारसा झाला नाही. ओल्या मातीचा होतो, तेवढाच.

तिनं चपटी झालेली माती फळीवरून सोडवली, गोळ्यात टाकली आणि दोन्ही मुठींनी एकजीव केली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं खांद्याला पुसलं. मग चाकापुढं बसली. दांडा खाचेत घातला आणि असा फेर दिला, की चाकाखालची माती उडाली.

महिपतीनं लांब श्वास सोडला.

“झालं,” तो म्हणाला. “चला, वैनी. अंधार पडायच्या आत चाक हलवायचंय. माणसं जमली असतील.”

गजरानं मान वळवली नाही. तिचं डावं कोपर मांडीला टेकलं होतं.

“वैनी, ऐकताय ना?”

माती चाकावर बसत होती. धक्के बारीक होत होते.

महिपती थोडा वेळ थांबला. वहाणा हातात घेतल्या, पुन्हा खाली ठेवल्या. मग बाबांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला,

“बाबा, मी पुढं होतो. पण सगळे मलाच विचारतील, बाबांकडं काय झालं म्हणून. दाखवायला तर काहीच नाही. काय सांगू त्यांना?”

बाबांनी फळीवर उरलेला मातीचा ओला ठसा बोटानं पुसला आणि पणत्या पुन्हा नीट मांडल्या.

“सांग,” ते म्हणाले, “गजरानं आपलं पहिलं भांडं मोडलं.”